भंगारातला बैल उभा करताना : आधी मांडणी, शेवटी वेल्डिंग

पोळा जवळ आला की गावोगावची पोरं जुन्या अवजारांचा बैल करायला घेतात. शाळा, ग्रामपंचायती आणि मंडळंही करून घेतात. काम झाल्यावरच्या तक्रारी मात्र त्याच त्या. बैल एका अंगाला कलला, डोकं निखळलं, पहिल्याच पावसात गंजाचे ओघळ चौथऱ्यावर आले, हात लावताना पोराला कापलं. वेल्डिंगवाल्याला दोष देऊन मोकळं होता येतं, पण यातल्या बहुतेक चुका मशीन चालू होण्याआधीच झालेल्या असतात. कोणी डोक्यापासून सुरुवात केलेली असते, कोणी हाताला लागेल तो तुकडा चिकटवत गेलेला असतो. म्हणून या लेखात वेल्डिंग फार उशिरा येतं.

उदाहरणासाठी एकच काम धरलं आहे : तीन फूट लांब, वशिंडापर्यंत अडीच फूट उंच, चारी पायांवर उभा असलेला देवणी बैल. तुम्हाला मोर किंवा सायकलस्वार करायचा असला तरी क्रम हाच राहतो.

१. काम कधी सुरू करायचं आणि नेमका कोणता बैल

पोळ्यासाठीचं काम श्रावणात सुरू करू नका. हवा दमट असते, वेल्डिंगचे रॉड ओल धरतात, रंग नीट वाळत नाही, अंगण चिखलाचं असतं. वैशाखात हात घातला तर भंगार धुऊन तासाभरात वाळतं आणि पावसाआधी रंग पक्का होतो.

मग जात ठरवा. सर्वात जास्त दिसणारी चूक म्हणजे लांब, मागे जाऊन वर वळलेली शिंगं लावून त्याला देवणी म्हणणं. ती खिल्लारची शिंगं झाली. देवणीचं कपाळ फुगीर, कान लांब आणि खाली लोंबणारे, शिंगं बाहेर जाऊन वर वळलेली. लाल कंधारी करायचा असेल तर अंगावर ठिपके नाहीत, सगळा गडद तांबडा. माझं मत विचाराल तर भंगारासाठी लाल कंधारी अधिक सोयीचा, कारण स्वच्छ केलेल्या जुन्या लोखंडाचा तांबूस रंगच त्याला शोभतो. देवणीसाठी पांढरा-काळा रंग द्यावा लागतो आणि रंगाखाली अवजारांची ओळख थोडी झाकली जाते.

आता खडूने फरशीवर किंवा सारवलेल्या अंगणात बैल पूर्ण मापात काढा. बाजूने एक आकृती, समोरून एक. समोरची आकृती बहुतेक जण काढतच नाहीत आणि नेमका तिथेच बैल चपटा होतो. बैलाचा फोटो घेताना मोबाइल त्याच्या पोटाच्या उंचीवर धरा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत पाय आखूड दिसतात आणि तेच माप पुतळ्यात उतरतं.

तपासा : आकृतीपासून वीस फूट लांब जा. नुसत्या बाहेरच्या रेषेवरून बैल ओळखू येतो का? येत नसेल तर पुढे कितीही सुंदर तुकडे लावले तरी येणार नाही.

२. भंगार आणणं

आधी स्वतःच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यावर बघा. वखराची पास (आडवं पातं), नांगराचा फाळ, तिफणीचे फण, बैलगाडीच्या चाकाची धाव (लोखंडी पट्टा), मोडकी खुरपी, विळे, बैलाच्या खुरांच्या जुन्या पत्र्या, रोटावेटरची पाती, सायकलच्या चेन. वडिलांच्या किंवा आज्याच्या हातचं अवजार असेल तर घरात विचारल्याशिवाय उचलू नका. एकदा कापलं की ते परत जोडता येत नाही.

बाकीचं भंगारवाल्याकडे. जालन्यात पोलादाच्या भट्ट्यांना भंगारच लागतं, त्यामुळे तिथल्या गोदामांत निवडीला वाव मोठा. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास कारखान्यांतून निघालेल्या पत्र्याच्या कापलेल्या पट्ट्या मिळतात. तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरचं गॅरेज गाठा. जाताना जाड हातमोजे, चुंबक, टेप आणि आकृतीचा फोटो सोबत ठेवा.

निवडताना वस्तूचं नाव विसरा, आकार बघा. खांद्याला फावडं चालेल का, पाठीच्या रेषेला वखराची पास बसेल का, पोटाच्या गोलाईला धावेचा तुकडा पुरेल का. लागेल त्याच्या दुप्पट माल आणा. उरलेला परत विकता येतो. मोजून आणलेल्या मालात मात्र अडचणीच्या जागी चुकीचा तुकडा नाइलाजाने बसतो.

सावधान : रूळ, रुळाच्या क्लिपा, रेल्वेचे बोल्ट घेऊ नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटाराची झाकणं, विजेच्या तारा, कोऱ्या दिसणाऱ्या मोटारी यांच्याही वाटेला जाऊ नका. भंगारवाल्याकडून साधी का होईना, पावती घ्या. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर काम सुरू होण्याआधी ते घ्या.

३. चार ढीग

ही पायरी वगळणाऱ्याचंच डोकं पुढे निखळतं. सगळं लोखंड सारखं दिसतं, पण सारखं जुळत नाही.

*पहिला ढीग, सहज जुळणारं.* सळई, अँगल, पट्टी, धाव, काळा पाइप, साधा पत्रा. पुतळ्याचा सगळा भार याच मालावर टाकायचा.

*दुसरा, जपून जोडायचं.* ट्रॅक्टर-ट्रॉलीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), रोटावेटरची पाती, विळे, टिकाव, बेअरिंग. हे कडक पोलाद. साध्या रॉडने घाईत जोडलं तर सांधा वरून छान दिसतो आणि थंड झाल्यावर शेजारूनच तडकतो. रोटावेटरच्या पात्यांना मुळातच बोल्टची भोकं असतात, ती वापरा. बरगड्या बोल्टनेच बसवा. विळा जोडायचा तर पात्यावर नाही, मुठीत जाणाऱ्या शेपटाकडे जोडा. पाटा जोडणं टाळता येत नसेल तर सांध्याची जागा आधी चांगली गरम करा आणि जोडल्यावर कोरड्या राखेत गाडून सावकाश थंड होऊ द्या. त्यावर पाणी कधीही ओतू नका.

*तिसरा, वेल्डिंग न करायचं.* बिडाचं सामान, अॅल्युमिनियम, पितळ, चकचकीत मुलामा दिलेले भाग, जस्ताचा थर असलेले जीआय पाइप आणि पत्रे. हे बोल्ट, रिव्हेट किंवा तारेने बसतं. जस्त जळून निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. दूध पिऊन तो टळत नाही. जीआय जोडायचंच असेल तर सांध्याभोवतीचा दोन-तीन इंच थर मास्क लावून, मोकळ्या हवेत घासून काढा.

*चौथा, घरात आणायचंच नाही.* शॉकअबसॉर्बर, गॅसची टाकी, पेट्रोल-डिझेलची टाकी, बंद पिंप, बॅटरी, जुने ब्रेक लायनर, फवारणीच्या औषधांचे डबे. रिकामी दिसणारी टाकीही आतल्या वाफेने फुटते. शॉकअबसॉर्बर तापला की आतलं तेल आणि हवा स्फोट करतात. जुन्या लायनरच्या धुळीत अॅस्बेस्टॉस असू शकतं.

ओळखायचं कसं? चुंबक चिकटलं नाही तर अॅल्युमिनियम, पितळ किंवा काही जातींचं स्टेनलेस. चिकटलं तर ग्राइंडर हलकेच टेकवून ठिणग्या बघा. लांब, पिवळसर, थोडेच फाटे फुटणाऱ्या ठिणग्या म्हणजे साधं लोखंड. खूप फाटे, फुलबाजीसारख्या, म्हणजे कडक पोलाद. आखूड, लालसर, मंद म्हणजे बीड. ओळखीच्या सळईच्या आणि विळ्याच्या ठिणग्या आधी एकदा पाहून ठेवल्या तर बाकीच्या वस्तू पटापट कळतात.

४. साफसफाई

आधी वंगण, मग माती, मग गंज. क्रम उलटा केला तर ब्रशने वंगणच सगळीकडे पसरतं. वंगण डिझेलने पुसा, नंतर धुण्याच्या पावडरच्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. ब्रेक धुण्याचा फवारा वापरून लगेच वेल्डिंग करू नका. त्यातल्या काही द्रावणांतून उष्णतेने विषारी वायू निघतो.

गंजासाठी ग्राइंडरला तारेचा कप ब्रश. तो जिथे पोचत नाही तिथे लिंबूफूल : एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम, रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच उन्हात वाळवा. विळे आणि स्प्रिंगा रात्रभर आम्लात ठेवू नका, कडक पोलाद ठिसूळ होतं. सगळा गंज चाटूनपुसून काढायची गरज नाही. पोपडे गेले आणि बोटाला भुकटी लागेनाशी झाली की बस. सांध्याची जागा मात्र पांढरीशुभ्र चमकली पाहिजे.

५. वाळूत मांडणी

माझ्या दृष्टीने शिल्प इथेच घडतं. खडूच्या आकृतीवर चार बोटं वाळू पसरा आणि एकही सांधा न करता पूर्ण बैल आडवा मांडा. वाळूमुळे तुकडा हव्या त्या कोनात टेकून राहतो.

आधी लांब रेषा. पाठीला वखराची पास, मान आणि पोटाला धावेचे तुकडे. मग मोठे भरीव भाग : खांद्याला फावडं, मागच्या मांडीला ट्रॅक्टरच्या मडगार्डचा पत्रा किंवा दुसरं फावडं. बरगड्यांना रोटावेटरची पाती, तीन किंवा चार, अंतर ठेवून. मधली मोकळी जागा भरायचा मोह आवरा. पोकळ ठिकाणांतून पलीकडचं दिसतं तेव्हाच बैलाला हलकेपणा येतो, आणि वजनही आटोक्यात राहतं.

तोंड सर्वात शेवटी. चेहऱ्याला नांगराचा फाळ, टोक खाली. फाळ साधा आहे की कडक, की बिडाचा, हे ठिणग्यांवरून आधीच कळलेलं असेल. त्याप्रमाणे वेल्ड किंवा बोल्ट. कपाळाच्या फुगीरपणासाठी फाळावर लहान वाटीसारखा वाकवलेला पत्रा. कानांना खुरपी, पातं खाली लोंबतं. शिंगांना विळ्यांची जोडी. डोळ्यांना नट लावा, बेअरिंग नको, आतलं वंगण तापून उडतं. गळ्याखालच्या पोळीला सायकलच्या दोन-तीन चेन एकीखाली एक. शेपटीला चेन आणि गोंड्याला ब्रेकची उसवलेली केबल. खुरांना जुन्या पत्र्या, प्रत्येक पायाला दोन, मध्ये फट ठेवून.

फोटो काढा आणि तो मोबाइलमध्ये काळापांढरा करून बघा. गंजाचे, रंगाचे फरक गळून पडतात आणि आकार खरा दिसतो. मांडणी एक रात्र तशीच राहू द्या. सकाळी काही तुकडे नकोसे वाटतील, ते काढा. बहुतेक वेळा काढायचेच असतात, घालायचे क्वचित.

तपासा : प्रत्येक तुकड्यावर खडूने क्रमांक टाका आणि तेच क्रमांक फोटोच्या छापील प्रतीवर लिहा. हे न करता उचललं की मांडणी आठवत नाही.

६. पाट, पाय, कणा

वेल्डिंगची वेळ आली, पण अजून डोक्याची नाही.

पाटाला, म्हणजे बैल ज्यावर उभा राहतो त्या तळाला, ६ मिलिमीटरची प्लेट, तीन फूट बाय दीड फूट. तिचंच वजन वीस किलोच्या आसपास भरतं आणि तेच बैलाला खाली धरून ठेवतं. प्लेटच्या चार कोपऱ्यांत पायाच्या बोल्टसाठी १४ मिलिमीटरची भोकं आत्ताच पाडा. बैल उभा राहिल्यावर ड्रिल तिथे शिरत नाही.

कण्याला आणि चारी पायांना १६ मिलिमीटरची सळई. ती एक मीटरला सुमारे १.६ किलो भरते, त्यावरून वजनाचा अंदाज घेत चला. पायाची सळई सरळ काठीसारखी ठेवू नका. मागच्या पायाला ढोपराकडे स्पष्ट कोन हवा, नाहीतर बैलाचं टेबल होतं. पाय पाटावर टाक्यांनी, म्हणजे वेल्डिंगच्या लहान ठिपक्यांनी धरा, वर कणा ठेवा आणि तोही टाक्यांनीच धरा.

आता तोल. वशिंड, मान, डोकं आणि शिंगं यांचं वजन पुढच्या बाजूला येणार. ते तुकडे तारेने पिशवीत बांधून कण्याच्या पुढच्या टोकाला लटकवा. मग पाटाच्या लांब कडेखाली एक वीट सरकवा. सांगाडा डगमगला तर पाय फाकवा. मग आखूड कडेखाली, डोक्याच्या विरुद्ध बाजूला वीट घाला. पुढे झुकतो आहे असं वाटलं तर पुढचे पाय दोन इंच पुढे घ्या. पाय टाक्यांवर असल्याने हे पाच मिनिटांचं काम आहे. पूर्ण बैल झाल्यावर त्याला दिवस लागेल.

७. टाके

बरेच वाचक स्वतः वेल्डिंग करणार नाहीत, गावातल्या मिस्त्रींना बोलावतील. त्यांचा हात ग्रीलचा आणि ट्रॉलीचा असतो. तुकडा धरला की सबंध सांधा भरून टाकायची सवय. म्हणून आधीच स्पष्ट सांगा : "मिस्त्री, आज पक्कं काहीच करायचं नाही, नुसते टाके मारा." पैसे कामावर नाही, तासावर किंवा दिवसावर ठरवा. ठोक ठरवलं की घाई होते, आणि तुमची "हे थोडं डावीकडे घ्या" ही विनंती त्यांना नुकसानीची वाटते.

टाका म्हणजे अर्धा सेंटिमीटरचा ठिपका. प्रत्येक तुकड्याला दोन, फार तर तीन. त्याआधी तुकडा बांधकामाच्या तारेने जागेवर बांधून बघा. क्रम : कणा, पाठ, पोट, खांदा, मांडी, बरगड्या, मान, आणि मग डोकं. प्रत्येक मोठा तुकडा लागला की मागे जा, चारही बाजूंनी बघा, गुडघ्यावर बसून बघा. लहान मुलं त्याच उंचीवरून बघणार आहेत.

साध्या लोखंडाला ६०१३ क्रमांकाचा रॉड पुरतो. अडीच मिलिमीटर जाडीच्या रॉडला ६० ते ९० अँपिअर, ३.१५ च्या रॉडला ९० ते १३०. पातळ पत्र्याला खालचा आकडा. खेड्यात व्होल्टेज कमी असतं आणि लांबच्या बारीक वायरने ते आणखी पडतं, मग रॉड चिकटत राहतो. अशा वेळी आकडा वाढवण्याआधी वायर जाड आणि आखूड करा. अर्थचा चिमटा स्वच्छ केलेल्या धातूवर आणि सांध्याजवळ लावा.

सावधान : कडब्याची गंजी, सोयाबीनचं भुस्कट, कापसाच्या पऱ्हाट्या यांपासून लांब, शेडच्या बाहेर काम करा. पाण्याच्या बादल्या आणि वाळू हाताशी ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, ठिणगी उशिरा पेट घेते. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, टेरिकॉट अंगाला चिकटतं. बघायला जमलेल्या पोरांना मागे हटवा. उजेडाने डोळे भाजलेले लगेच कळत नाहीत. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. तेव्हा बटाटा, दूध वगैरे न घालता डॉक्टरांकडे जा.

८. पक्के सांधे

टाक्यांवरचा बैल एक-दोन दिवस तसाच उभा ठेवा. घरच्यांना, गुरं राखणाऱ्यांना दाखवा. बैल पाहण्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते मानेचा चुकलेला कोन एका नजरेत सांगतात. दुरुस्त्या संपल्या की मग पक्कं करा.

एका बाजूने सलग भरत जाऊ नका. डावीकडे एक इंच, मग उजवीकडे एक इंच, मग पुढे, मग मागे. एकाच जागी उष्णता साचली की कणा वाकतो आणि जमलेला तोल बिघडतो. आधी पाय आणि पाट, मग भार घेणारे सांधे. बरगड्या आणि पोळीसारख्या भागांना ठिकठिकाणी सांधा पुरतो. पाइपची दोन्ही तोंडं बंद करायची असतील तर एक बारीक भोक सोडा, आतली हवा तापून सांधा फोडते.

प्रत्येक सांध्यावरची मळी हातोडीने झाडा आणि खाली बघा. छिद्रं दिसली तर ती घासून परत भरा. शिंगं, कान, शेपटी हाताने जोर लावून ओढून बघा. यात्रेत, शाळेत पोरं तेच करणार आहेत.

९. धारा आणि पाणी

सगळ्या कडा बोथट करा. विळ्याचे दाते पूर्ण घासून टाका. शिंगाचं टोक गोल करा किंवा त्यावर नट बसवा. ग्राइंडरचं गार्ड काढू नका, आणि कापायच्या पातळ चाकाने आडवं घासू नका, ते फुटून तोंडावर येतं. शेवटी जुनं सुती फडकं सगळ्या अंगावरून फिरवा. जिथे अडकेल तिथे पोराचा हात अडकणार.

मग बादलीभर पाणी वरून ओता आणि ते कुठे साचतं ते बघा. फावड्याच्या खोलगट भागात, पत्र्याच्या दुमडीत नक्की साचेल. तिथे ६ मिलिमीटरचं भोक पाडा. चौथऱ्यावर ओघळणारा गंज बहुतेक अशाच जागांतून येतो.

१०. रंग की तेल

उघड्यावर ठेवायचा असेल तर रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात, याला पर्याय नाही. देवणीचा पांढरा-काळा रंग याच वेळी. मे महिन्यात दुपारी रंग देऊ नका. लोखंड तापलेलं असतं, रंगाला फोड येतात. सकाळी, सावलीत द्या.

वऱ्हांड्यात किंवा छपराखाली ठेवणार असाल तर जवसाचं तेल सुंदर बसतं. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं तेल घ्या, घाण्यावरचं कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं. फडक्याने अगदी पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसा, एक-दोन दिवस वाळू द्या, असं तीनदा. लाल कंधारीला हेच करा.

सावधान : जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर सुटी पसरून वाळवा.

पारदर्शक लॅकर मी उघड्यावरच्या कामाला सुचवत नाही. उन्हात तो पिवळा पडतो, पोपडे निघतात आणि नवा हात देण्याआधी सगळा खरवडावा लागतो.

११. काळ्या मातीत बसवताना

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते. तिच्यावर नुसता चौथरा बांधला तर एक-दोन वर्षांत तो कलतो आणि सगळे म्हणतात बैल वाकडा झाला. चार फूट बाय अडीच फुटांचा खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम खोल असेल तर तीन फूट खणून माती काढा आणि सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरून, पाणी मारून, धुम्मस करा. वर एक फूट जाडीचं काँक्रीट. ते ओलं असतानाच १२ मिलिमीटरचे चार बोल्ट बसवा. भोकांच्या जागा पाटावरून प्लायवर उतरवून घ्या आणि बोल्ट त्या प्लायमधून सोडा. अंदाजाने लावलेले बोल्ट भोकात कधीच जात नाहीत. काँक्रीटवर निदान सात दिवस पाणी मारा आणि त्यानंतरच बैल चढवा. चौथऱ्याभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा.

नेताना शिंगाला किंवा मानेला धरून उचलू नका. दोर पोटाखालून, कण्याला धरून. ट्रॉलीत बैल पाटासकट उभाच बांधा, खाली पोती घाला. पाट बोल्टनेच कसा, काँक्रीटमध्ये गाडू नका, म्हणजे दुरुस्तीला काढता येईल.

पहिला पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या आसपास, एकदा सगळे सांधे बघा. गंजाचा डाग जिथे दिसेल तेवढाच भाग घासा, प्राइमर लावा, रंग लावा. तेलाच्या बैलाला दरवर्षी उन्हाळ्यात एक हात. बोल्ट पान्याने परत कसून घ्या.